लघवीतील सिस्टीन आणि थायोसल्फेट एचपीएलसीवर मोजताना

फोंड्याच्या एका निदान प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ भगिनींनी विचारलेल्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. त्यांच्याकडे यूव्ही आणि फ्लुरोसन्स असे दोन्ही डिटेक्टर असलेले एचपीएलसी (द्रवातील घटक वेगळे करून मोजणारे) यंत्र व नेहमीचा सी-१८ कॉलम आहे, आणि मूतखड्याच्या रुग्णांची चोवीस तासांची लघवी सिस्टीनच्या मापनासाठी त्यांच्याकडे येते. सिस्टीन त्या कॉलमवर थांबतच नाही, म्हणून त्यांनी आधी क्षपण करून, म्हणजे सिस्टीनचा डायसल्फाइड बंध तोडून, त्यापासून मिळणारे सिस्टेइन मोजायला सुरुवात केली. परंतु मुद्दाम मिसळलेले सिस्टीन कधी ६० टक्के परत मिळते, तर कधी १३० टक्के. दुसरी अडचण अशी, की पेनिसिलामाइन हे सिस्टीनच्या खड्यांवरचे औषध घेणाऱ्या एका रुग्णाचा आकडा महिनोन्‌महिने जागचा हलत नाही आणि त्यामुळे डॉक्टर प्रयोगशाळेवर शंका घेत आहेत. शिवाय सांडपाण्याच्या टाक्या साफ करणाऱ्या कामगारांच्या लघवीतील थायोसल्फेट (हायड्रोजन सल्फाइड वायू शरीरात गेल्याची खूण) याच यंत्रावर मोजता येईल का, असेही त्यांनी विचारले आहे.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लघवीतील गंधक अनेक रूपांत असतो, ही रूपे एकमेकांत बदलत राहतात, आणि आपल्याला नेमके कोणते रूप हवे आहे हे बाटली रुग्णाच्या हाती देण्यापूर्वीच ठरवावे लागते. कॉलम, मोबाइल फेज आणि डिटेक्टर हा त्यामानाने सोपा भाग आहे. माझ्या अनुभवात या मापनात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टी नमुना यंत्रात जाण्याच्या आधी बिघडलेल्या असतात.

लघवीतून बाहेर पडणारा बहुतांश गंधक अकार्बनी सल्फेटच्या रूपात असतो. साधारण आहार घेणाऱ्या प्रौढात तो दिवसाला २० मिलिमोलच्या आसपास असतो आणि मुख्यतः अन्नातील प्रथिनांमधील मेथिओनिन व सिस्टेइन यांच्यापासून येतो. उरलेल्यात एस्टर सल्फेट, टॉरिन, सिस्टीन, मुक्त सिस्टेइन, मिश्र डायसल्फाइड, मर्कॅप्ट्युरिक आम्ले, थायोसायनेट, थायोसल्फेट अशी बरीच मंडळी असतात. यांपैकी टॉरिनचा आकडा गोव्यात जपूनच वाचावा लागतो, कारण तिसऱ्या, खुबे (शिंपले) आणि सुंगटे (कोळंबी) यांत टॉरिन भरपूर असते आणि आदल्या रात्रीचे जेवण दुसऱ्या दिवशीच्या लघवीत दिसते. श्रावण पाळणाऱ्या घरातल्या माणसाचा त्या महिन्यातला नमुना आणि एरवीचा नमुना यांची तुलना करताना ही गोष्ट विसरून चालत नाही. लसूण आणि मशिंगाची (शेवग्याची) भाजी यांचीही गंधकयुक्त उत्सर्जिते लघवीत येतात. तेव्हा ‘लघवीतील एकूण गंधक’ अशी मागणी आली, तर ती मान्य करण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करून त्यांना नेमके काय हवे आहे ते विचारावे.

आता सिस्टीनकडे वळू. सिस्टेइनचे दोन रेणू डायसल्फाइड बंधाने जोडले गेले, की सिस्टीन तयार होते. १८१० मध्ये वोलास्टन यांना ते मूत्राशयातील खड्यात सापडले, आणि पुढे १९०८ मध्ये गॅरॉड यांनी चयापचयातील जन्मजात दोषांवर जी व्याख्याने दिली त्यांतल्या चार विकारांत सिस्टिन्युरियाचा समावेश होता. या विकारात एसएलसी३ए१ किंवा एसएलसी७ए९ या जनुकांतील दोषामुळे मूत्रपिंडातील नलिका सिस्टीन, ऑर्निथिन, लायसिन आणि आर्जिनिन ही चार अमिनो आम्ले परत शोषून घेऊ शकत नाहीत. शेवटची तिन्ही पाण्यात सहज विरघळतात आणि निघून जातात. सिस्टीन मात्र पीएच ७ पर्यंतच्या लघवीत लिटरला साधारण २५० मिलिग्रॅम एवढेच विरघळते. निरोगी माणूस दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी सिस्टीन टाकतो, तर या रुग्णांत ते बहुधा ४०० मिलिग्रॅमच्या वर असते. म्हणजे ज्या नमुन्यात आपल्याला सर्वाधिक रस आहे, तोच नमुना संपृक्ततेच्या काठावर किंवा त्यापलीकडे असतो.

तुमच्या ६० आणि १३० टक्क्यांचा उगम येथे आहे. रुग्णाची बाटली फ्रिजमधून काढल्यावर तळाशी बारीक पांढरट रेतीसारखा गाळ बसलेला असतो. वरच्या निवळीतून घेतलेल्या भागात सिस्टीन कमी येते आणि बाटली हलवून घेतलेल्या भागात स्फटिकही येतात. मूळ आकडा एका भागावरून आणि मिसळणीचा आकडा दुसऱ्या भागावरून काढला, की परतावा शंभरावर जातो. उलट, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेले प्रमाणित सिस्टीन थंड, आधीच संपृक्त असलेल्या लघवीत टाकले, तर ते तेथेच स्फटिक होऊन बसते आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर नळीच्या तळाशी राहते, त्यामुळे परतावा घसरतो. या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावा. सिस्टीनचे स्फटिक रंगहीन, चपटे आणि स्वच्छ षट्‌कोनी असतात, बऱ्याचदा एकावर एक चढलेले. युरिक आम्लही क्वचित असा आकार घेते, पण पट्टीच्या कडेला विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला, की सिस्टीन विरघळते आणि युरिक आम्ल तसेच राहते. दोन मिनिटांच्या या तपासणीने पुढचा सगळा दिवस वाचतो.

यासाठी नमुना घेण्याची पद्धत बदलावी लागेल. चोवीस तासांच्या बाटलीत आधीच सोडियम बायकार्बोनेट घालून द्यावे, बाटली प्रयोगशाळेत आल्यावर पीएच तपासावा, तो ८ च्या खाली असल्यास विरल अमोनियाने किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने वर आणावा, बाटली ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून अधूनमधून हलवावी आणि लघवी स्वच्छ झाली की मगच मोजका भाग काढावा. एकूण आकारमान आणि मूळ पीएच या दोन गोष्टी त्याआधीच टिपून ठेवाव्यात, कारण उपचारासाठी डॉक्टरांना मूळ पीएचही हवा असतो. कॅल्शियम आणि ऑक्झलेटसाठी दिली जाणारी आम्ल घातलेली बाटली सिस्टीनसाठी वापरू नये. पीएच ३ ते ७ या पट्ट्यात सिस्टीनची विद्राव्यता सर्वांत कमी असते आणि थोडे आम्ल पडलेली लघवी नेमकी तेथे अडकते. आपल्याकडे दोन्ही तपासण्या एकाच चिठ्ठीवर लिहून येतात आणि रुग्ण सत्तरीतून किंवा काणकोणहून एकच बाटली घेऊन बसने येतो, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी दोन वेगवेगळ्या दिवशी दोन बाटल्या गोळा करायला सांगणे हाच मार्ग आहे. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाटली घरी उघड्यावर राहिली तर जीवाणू वाढतात. म्हणून थायमॉलचे काही स्फटिक घालावेत आणि बाटली सावलीत ठेवायला सांगावे. फ्रिजमध्ये ठेवली गेलीच, तर बिघडले असे समजू नये, फक्त पुन्हा विरघळवण्याला जास्त वेळ द्यावा.

कॉलमबाबत तुमचे निरीक्षण बरोबर आहे. सिस्टीन अतिशय ध्रुवीय आहे, सी-१८ वर ते पोकळ आकारमानाबरोबरच, म्हणजे अगदी सुरुवातीला, बाहेर पडते, आणि त्याला यूव्हीमध्ये दिसेल असा वर्णधारी गटही जवळजवळ नाही. लघवीतील क्षार आणि युरियाही तेथेच येतात, त्यामुळे त्या जागी दिसणारे शिखर सिस्टीनचे आहे असे म्हणण्याला काही आधार राहत नाही. क्षपण करून थायॉलला (गंधक-हायड्रोजन गटाला) फ्लुरोसन्स देणारा अभिकारक जोडणे हा तुमच्या यंत्रावर योग्य मार्ग आहे. क्षपणासाठी टीसीईपी आणि जोडणीसाठी एसबीडी-एफ ही जोडी मी सुचवीन, कारण टीसीईपी एसबीडी-एफला खाऊन टाकत नाही. मोनोब्रोमोबिमेन हा दुसरा जोडणी-अभिकारक वापरल्यास उरलेले टीसीईपीही त्याच्याशी अभिक्रिया करते आणि नको ती शिखरे उभी राहतात. जोडणी पीएच ९.५ च्या बोरेट बफरमध्ये, ईडीटीए घालून, ६० अंशांवर तासभर चालते. उत्तेजन ३८५ नॅनोमीटर आणि उत्सर्जन ५१५ नॅनोमीटर. एसबीडी-एफ फक्त थायॉलला जोडले जाते, त्यामुळे टॉरिन आणि मेथिओनिन चित्रात येतच नाहीत, आणि मत्स्याहारी रुग्णांच्या बाबतीत ही मोठी सोय आहे.

कॅलिब्रेशनसाठी सिस्टेइनचे प्रमाणित द्रावण वापरू नये. सिस्टीनचेच द्रावण घ्यावे आणि ते नमुन्याप्रमाणेच क्षपणाच्या पायरीतून न्यावे, म्हणजे क्षपण अपुरे झाले तर दोन्हीकडे सारखे दिसेल. लघवी किमान वीस ते पन्नास पट विरल करावी, आणि शंका आली की तोच नमुना आणखी दुप्पट विरल करून पुन्हा चालवावा. विरलनाने गुणल्यावर आकडा वाढला, तर पहिल्या वेळी अभिकारक संपला होता असे समजावे. औषध घेणाऱ्या रुग्णांत हे हमखास घडते, कारण एक ग्रॅम पेनिसिलामाइन म्हणजे सुमारे ६.७ मिलिमोल थायॉल असते आणि त्याचा बराच भाग लघवीतूनच बाहेर पडतो. गणितात आणखी एक सापळा आहे: एक मिलिमोल सिस्टीन म्हणजे २४० मिलिग्रॅम, पण क्षपणानंतर त्याचे दोन मिलिमोल सिस्टेइन होते. काही जुन्या तक्त्यांत आकडे अर्ध्या सिस्टीनच्या एककात दिलेले असतात. अहवालात एकक पूर्ण लिहिले नसेल, तर दुप्पट किंवा निमपट चुकीचा आकडा वर्षानुवर्षे फाइलमध्ये पडून राहतो.

इंटर्नल स्टँडर्डची (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक मात्रेत घालायच्या संयुगाची) निवड हा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. रक्तातील होमोसिस्टेइनच्या पद्धतींमध्ये मर्कॅप्टोप्रोपिओनिलग्लायसिन इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घालण्याची पद्धत आहे, आणि तीच पद्धत उचलून लघवीसाठी वापरली जाते. पण हे संयुग म्हणजेच टायोप्रोनिन, सिस्टिन्युरियावरचे नेहमीचे औषध. रुग्ण ते घेत असेल, तर इंटर्नल स्टँडर्डचे शिखर फुगते आणि त्याच्या तुलनेत सिस्टीन कमी झाल्याचे दिसते. डॉक्टर खूश होतात आणि खडा वाढत राहतो. एन-ॲसिटिलसिस्टेइनबाबतही हीच भीती आहे. मी सिस्टामाइन पसंत करतो: तेही डायसल्फाइड असल्यामुळे क्षपणाची पायरी नीट झाली की नाही हेही त्याच्या शिखरावरून कळते.

आता पेनिसिलामाइनच्या त्या रुग्णाकडे येऊ. प्रयोगशाळेचे यंत्र बिघडलेले नाही आणि औषधही कदाचित काम करत आहे. पद्धत मात्र या प्रश्नासाठी अयोग्य आहे. पेनिसिलामाइन किंवा टायोप्रोनिन सिस्टीनचा बंध तोडून सिस्टेइनबरोबर मिश्र डायसल्फाइड तयार करते, आणि ते मिश्र डायसल्फाइड सिस्टीनपेक्षा कितीतरी जास्त विद्राव्य असते. औषधाचा सारा फायदा या अदलाबदलीत आहे. आपण टीसीईपी घातले, की सिस्टीनही तुटते आणि मिश्र डायसल्फाइडही तुटते, दोन्हींतून सिस्टेइनच मिळते, आणि एकूण बेरीज औषधापूर्वी होती तेवढीच येते. सिस्टीन ओळखण्यासाठीच्या नायट्रोप्रसाइड रंगपरीक्षेचीही हीच मर्यादा आहे. शिवाय तीत लघवीतील कीटोन आणि थायॉल गट असलेली इतर औषधेही रंग देतात, आणि सायनाइड हाताळावे लागते, जे आम्लाजवळ कधीही जाता कामा नये.

अशा रुग्णासाठी क्षपण न करता अखंड सिस्टीन वेगळे काढणारी पद्धत हवी. द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेला टँडेम मास स्पेक्ट्रोमीटर उपलब्ध असेल, तर हे काम सरळ आहे: धन आयनीकरणात सिस्टीन २४१ वरून १५२ या वस्तुमानांच्या जोडीवर दिसते, सिस्टेइन-पेनिसिलामाइन डायसल्फाइड २६९ ला आणि टायोप्रोनिनचे २८३ ला. कॉलम हिलिक प्रकारचा (ध्रुवीय रेणू धरून ठेवणारा) घ्यावा आणि ड्यूटेरियमने चिन्हांकित सिस्टीन इंटर्नल स्टँडर्ड म्हणून घालावे, कारण लघवीतील क्षार आयनीकरण दाबतात आणि प्रत्येक माणसाची लघवी ते वेगवेगळ्या प्रमाणात दाबते. अशी यंत्रे गोव्यात वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत मिळतात, पण ती औषधनिर्मितीच्या कामाला जुंपलेली असतात आणि तेथे मानवी नमुने नेणे सहसा शक्य नसते. दुसरा पर्याय म्हणजे आयन-विनिमय कॉलम आणि निनहायड्रिन यांवर चालणारे अमिनो आम्ल विश्लेषक यंत्र. स्पॅकमन, स्टाइन आणि मूर यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत संथ आहे, पण सिस्टीन आणि मिश्र डायसल्फाइड वेगळे दाखवते, आणि ऑर्निथिन, लायसिन व आर्जिनिन त्याच धावेत मिळाल्यामुळे निदानही पक्के होते. तुमच्याच यंत्रावर करायचे असेल, तर फेनिल आयसोथायोसायनेटने अमिनो गट चिन्हांकित करून २५४ नॅनोमीटरवर यूव्हीने पाहता येते. वाळवण्याच्या पायऱ्या कंटाळवाण्या आहेत, पण डायसल्फाइड बंध अबाधित राहतो. तोपर्यंत त्या रुग्णाच्या अहवालावर ‘औषधाशी बांधलेले सिस्टेइन या आकड्यात समाविष्ट आहे’ असे एक वाक्य लिहावे आणि डॉक्टरांना तसे तोंडीही सांगावे.

अहवालात दिवसाचे मिलिग्रॅम आणि लिटरमागचे मिलिग्रॅम असे दोन्ही आकडे द्यावेत. खडा होणे किंवा न होणे हे दिवसाच्या एकूण मात्रेपेक्षा लघवीतील संहतीवर अवलंबून असते, आणि उन्हात राबून घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसात तीच मात्रा सहज संपृक्ततेपलीकडे जाते. संकलन पूर्ण झाले की नाही हे क्रिएटिनिनवरून पाहावे: प्रौढ पुरुषात दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रीत १५ ते २०. तान्ह्या मुलांत नलिका अजून परिपक्व नसल्यामुळे सिस्टीन तात्पुरते जास्त असू शकते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या एका नमुन्यावरून निदानाचा शिक्का मारू नये.

थायोसल्फेटचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर ‘होय, पण वेगळ्या बाटलीत आणि वेगळ्या अभिकारकाने’ असे आहे. हायड्रोजन सल्फाइड शरीरात गेल्यावर त्याचे ऑक्सिडीकरण होऊन थायोसल्फेट बनते आणि ते लघवीतून बाहेर पडते. येथे क्षपण अजिबात करू नये, आणि आम्लही घालू नये, कारण आम्लात थायोसल्फेटचे विघटन होऊन गंधक आणि सल्फर डायऑक्साइड तयार होतात. पेट्रोल पंपावरील कामगारांत बेंझिनसाठी एस-फेनिलमर्कॅप्ट्युरिक आम्ल मोजताना याच्या नेमके उलट करावे लागते; तेथे पूर्वसंयुगाचे रूपांतर पूर्ण व्हावे म्हणून पीएच ठरावीक आम्लतेवर आणणे भाग असते. एकाच शिबिरात दोन्ही नमुने घ्यायचे असतील, तर बाटल्यांची झाकणे वेगळ्या रंगांची ठेवावीत.

थायोसल्फेटसाठी मोनोब्रोमोबिमेन चांगले चालते. ताज्या किंवा लगेच गोठवलेल्या लघवीत, पीएच ८ च्या आसपास, अंधारात जोडणी करावी आणि सुमारे ३९० नॅनोमीटरला उत्तेजन देऊन ४८० च्या आसपास उत्सर्जन पाहावे. शिखर सुरुवातीच्या भागात येते, म्हणून मोबाइल फेजमधील सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण आरंभी कमी ठेवावे आणि अभिकारकाचा कोरा नमुना प्रत्येक वेळी चालवावा. बिमेन प्रकाशात आपोआपच काही शिखरे निर्माण करते. आयन क्रोमॅटोग्राफीही शक्य आहे, पण तेथे मिलिमोलमधल्या सल्फेटच्या शेपटीनंतर मायक्रोमोलमधले थायोसल्फेट शोधावे लागते, आणि त्यासाठी कॉलम चांगला लागतो.

अर्थ लावताना संयम हवा. आतड्यातील जीवाणूही हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्यामुळे टाकीजवळ कधी न गेलेल्या माणसाच्या लघवीतही थोडे थायोसल्फेट असतेच. उलट, वायूच्या तीव्र झोतात तत्काळ मृत्यू झाला, तर लघवीत ते वाढलेले नसूही शकते, कारण ते तयार होऊन मूत्राशयापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नसतो. अशा प्रसंगी रक्त तपासावे लागते. गटारात आणि मलटाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि लघवीची तपासणी वायुमापकाला पर्याय आहे असे कंत्राटदाराला वाटू लागले, तर ती तपासणी न केलेली बरी. करायचीच असेल, तर प्रत्येक कामगाराचा कामापूर्वीचा एक आणि काम संपल्यानंतरचा एक असे दोन नमुने घ्यावेत, दोन्हींत क्रिएटिनिन मोजावे, आणि क्रिएटिनिन लिटरला ०.३ ते ३ ग्रॅम या मर्यादेबाहेर असेल तर तो नमुना बाद करून पुन्हा मागवावा. बाटलीवर नावाइतकीच घेतल्याची वेळही लिहिलेली असावी. वेळ नसलेली बाटली आमच्याकडे काउंटरवरूनच परत जाते.